गच्चीवर रानफुलं लावायची आहेत, लातुरात काय टिकेल?

मुक्काम_लातूर | १७ मे

राम राम मंडळी,

घर बांधून चार वर्षं झाली. गच्ची सहाशे स्क्वेअर फुटांची, एका कोपऱ्यात टाकी, बाकी मोकळी. सध्या दुपारी कुरडया उचलायला वर गेलं तर चप्पल असूनही तळवे भाजतात, आणि वरच्या खोलीचा स्लॅब रात्री बारापर्यंत आग ओकत असतो.

मागच्या सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कास पठारावर रानफुलं बघायला जाऊन आलो. तेव्हापासून डोक्यात एकच किडा आहे: गच्चीवर मातीचा पातळ थर टाकायचा आणि त्यात थेट रानफुलं. कुंड्या नकोत, भाजीपाला नको (तो आई खाली परसात करते). पुण्याच्या एका ठेकेदाराला विचारलं तर त्यानं सेडम नावाच्या झाडाच्या तयार चटया सुचवल्या. दर ऐकून फोन ठेवला.

तर कासच्या फुलांचं बी कुठं मिळतं? थर किती जाड लागतो? मळ्यातली काळी माती फुकट आहे, ट्रॅक्टर घरचा. मृगाआधी उरकायचा विचार आहे. जाणकारांनी सांगावं.

चकवा | १७ मे

जागा धरून ठेवतो. आमच्या नांदेडच्या गच्चीवर सध्या फक्त पापड पिकतात.

बालाघाट | १७ मे

कासचा नाद आधी सोडा. तिथलं बी बाहेर आणता येत नाही, आणू पण नये. आणि चोरून आणलंत तरी लातुरात त्याचं काही व्हायचं नाही. कासला पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर, उंची समुद्रसपाटीपासून साधारण बाराशे मीटर, जून ते सप्टेंबर अंगावर धुकं. सीतेची आसवं तर पाण्यानं भिजत राहिलेल्या खडकावरच येतात, त्यांना तुमच्या गच्चीवर ऑगस्टच्या उघडिपीत चार दिवस काढता यायचे नाहीत. लातूरचा पाऊस सातशे-आठशे, तोही आला तर आला.

आता उलटं बघा. तुमची गच्ची म्हणजे काय? चार बोटं माती, खाली दगड, वर ऊन, वारा अडवायला काही नाही. अशी जागा मराठवाड्यात कुठं आहे? गावाबाहेरचं माळरान! जिथं मुरूम उघडा पडलाय आणि नांगर लागत नाही, तिथं सप्टेंबरात जाऊन बसा. जे फुललेलं दिसेल ते तुमच्या गच्चीचं झाड. बागेच्या पुस्तकात शोधू नका.

सेडमबद्दल: युरोपातल्या गच्च्या त्यावर चालतात हे खरं, पण तिकडच्या आणि आपल्या उन्हाळ्यात फरक आहे. मे महिन्यातली आपली रात्रसुद्धा गार नसते. फोन ठेवलात ते बरं केलंत.

पाण्याचं_काय | १८ मे

माफ करा, पण वाचून वाईट वाटलं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं या शहराला. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही अन् आपण गच्चीवर फुलं लावायची? कुंड्यांना तरी मोजून घालता येतं, सहाशे फूट माती भिजवायला टँकर मागवणार का?

बालाघाट | १८ मे

रास्त प्रश्न. उत्तर असं, की पाणी घालायचंच नाही. माळाला कोण घालतं? पावसावर येईल तेवढं येईल. मात्र मग गच्ची जानेवारी ते जून वाळलेली, भुरी दिसणार, हे धागाकर्त्यानं आत्ताच मनाशी पक्कं करावं. बारमाही हिरवं हवं असेल तर हा धागा बंद करून हिरवा गालिचा विकत आणा.

मुक्काम_लातूर | १८ मे

@पाण्याचं_काय, ताई/दादा, त्या सालात आमच्याकडंही ड्रमच्या रांगा होत्या. पाणी घालणार नाही. पण सहा महिने भुरं? हे घरी कसं सांगायचं ते बघतो.

स्लॅबवाला | १८ मे

फुलांचं मला कळत नाही, वजनाचं कळतं. जरा हिशोब करू.

सहाशे फूट गुणिले चार इंच म्हणजे दोनशे घनफूट, दोन ब्रास माती. काळी माती पावसात गच्च भिजली की घनमीटरला अठराशे किलोच्या आसपास जाते. दोन ब्रासचे झाले दहा टन. ट्रॅक्टरच्या तीन ट्रॉल्या भरून स्लॅबवर कायमच्या उभ्या केल्यासारखं.

आपल्याकडं आयएस ८७५ (इमारतीवर किती भार धरायचा याचं भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागात माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे दीडशे किलो धरायला सांगितलेत. सहाशे फुटांना हे सव्वाआठ टन होतात. त्यातच माणसं आली, दिवाळीला वर जमणारे पाहुणे आले. म्हणजे नुसत्या मातीनंच हिशोब उडाला. आणि हे कागदावरचं. तुमच्या घरात सळई किती टाकली ते मिस्त्रीलाच माहीत.

म्हणून: अर्ध्याच गच्चीवर, तीन इंचच, भिंती आणि तुळयांच्या अंगानं, टाकीपासून लांब. काळी माती अजिबात नाही. आणि घराचा नकाशा घेऊन एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला हजार-दोन हजार रुपये द्या. धाग्यावर 'चालतंय की' म्हणणाऱ्यांच्या भरवशावर राहू नका, त्यात मीही आलो.

औसेकर_आजोबा | १९ मे

स्लॅबवाल्यांनी वजनाचं काढलं म्हणून लिहितो.

तुम्ही लोक जे नवीन म्हणून करूलालाव, त्यात आमचं बालपण गेलं. माळवदाचं घर. सागवानी तुळया, वर सर, वर किलच्या (लाकडाच्या चिरफळ्या), वर पाला, वर चिखल, आणि सगळ्यात वर गढीवरची पांढरी माती. पांढरी पाणी खाली उतरू देत नाही. दरसाल रोहिणीच्या आधी बाप पाट्या भरभरून नवी पांढरी टाकायचा अन् आम्ही पोरं ती तुडवायचो. श्रावणात माळवदावर गुडघ्याएवढं गवत, आघाडा, कुर्डू. शेळी वर चढवायची म्हणून आईच्या शिव्या खाल्ल्यात. घर मात्र उन्हाळ्यात असं गार, की दुपारी साण्यातून, म्हणजे छताच्या झरोक्यातून, येणारा उजेडाचा कवडसा सरकताना बघत झोप लागायची.

पण दरसाल टाकलेली माती कुणी काढली नाही. माझ्या आज्ज्याच्या काळापासूनचे थर होते, हातभर जाड. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जन करून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला ते सगळं खाली आलं. दगडाच्या मातीत रचलेल्या भिंती अन् डोक्यावर ते ओझं. किल्लारीकडं आमची सोयरीक होती. जास्त लिहीत नाही.

फुलं लावा. पण किती माती टाकली ते भिंतीवर लिहून ठेवा, अन् दरसाल 'अजून थोडी' करू नका.

चकवा | १९ मे

आजोबा, __/\__

परभणीची_लेक | १९ मे

आजोबांच्या प्रतिसादानंतर आमची गोष्ट म्हणजे किरकोळच, पण उपयोगी पडेल.

तीन वर्षांपूर्वी सासरच्या गच्चीवर हाच उद्योग केला. एका ठेकेदारानं 'वॉटरप्रूफिंग पहिलंच चांगलं आहे, काही करायची गरज नाही' असं छातीठोक सांगितलं. वर थेट शेतातली काळी माती, पाच इंच. पहिल्या पावसात चिखल. जुलैच्या उघडिपीत मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. त्या भेगांतून पुढचा पाऊस थेट कोब्यावर. पन्हाळीच्या तोंडाशी गाळ बसला, पाणी तुंबलं, आणि गौरी बसायच्या आदल्या दिवशी हॉलच्या पंख्यातून थेंब पडायला लागले. दोन गडी लावून सगळी माती उतरवली. उतरवण्याचा खर्च चढवण्याच्या दुप्पट झाला. ठेकेदाराचा फोन तेव्हापासून बंद आहे.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात ते गुणाचं, कारण खाली जमीन आहे. गच्चीवर खाली आपण असतो.

मुक्काम_लातूर | २० मे

माती रद्द. ट्रॅक्टर रद्द. इंजिनिअरना दाखवलं. त्यांनी पूर्वेकडची तीनशे फूट, तीन इंचांपर्यंत, यालाच हो म्हटलं, आणि त्या भागात गर्दी करायची नाही अशी अट घातली. आता तीन इंचांत काय भरायचं?

परभणीची_लेक | २० मे

आम्ही पुन्हा केलं तेव्हा असं केलं (हो, पुन्हा केलं, सासूबाई महिनाभर बोलत नव्हत्या):

आधी पन्हाळी बंद करून गच्चीवर दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं आणि खाली छताला ओल येते का बघितलं. हे न करता एक घमेलंसुद्धा वर नेऊ नका. मग शेततळ्याला अंथरतात तो पाचशे मायक्रॉनचा कागद, कडा कठड्यावर वीतभर चढवून. मुळं आणि पाणी दोन्ही अडतात. त्यावर विटांचे सुपारीएवढे तुकडे, इंचापेक्षा कमी. त्यावर शेडनेट दुहेरी, म्हणजे बारीक माती खाली जाऊन वाट बुजवत नाही. वर भरताड: पाच घमेली विटांचा चुरा, दोन घमेली चाळलेला मुरूम, दोन कोकोपीट, एक घमेलं चांगलं कुजलेलं खत. पन्हाळीभोवती हातभर जागा नुसती खडी आणि जाळी.

वीटभट्टीवर फुटक्या विटांचा ढीग मातीमोल भावात मिळतो. चुरा करताना तोंडाला फडकं बांधा.

स्लॅबवाला | २० मे

ताई, पद्धत बरोबर आहे. फक्त विटांचे तुकडेही तीन इंचांतच धरा, वेगळे नाही. भिजल्यावर चौरस मीटरला शंभर-सव्वाशे किलोत बसेल. मुरूम वाढवू नका, तो मातीइतकाच जड.

हिरवा_चुडा | २१ मे

एवढ्या कमी खतात काय येणार? आमच्या इकडं साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ, खतासारखा) स्वस्तात मिळतं, निम्मं तेच घाला, फुलं बघा कशी येतात.

बालाघाट | २१ मे

फुलं नाही, गवत येईल. आणि गाजरगवत. रानफुलांचं गणित बागेच्या उलटं असतं. सुपीक माती दिली की चार दांडगी झाडं माजतात आणि बाकीच्यांना दाबून टाकतात. माळावर एवढी विविधता दिसते ती माती गरीब आहे म्हणून. एक घमेलं खतसुद्धा मला जास्त वाटतंय, पण विटांच्या चुऱ्यात जीव नसतो, तेव्हा असू द्या.

आता झाडांकडे येतो. शाळेत पोरांना शिकवलं, आता इथं. जरा लांबेल.

सगळ्यात आधी चिघळ. घोळीची धाकटी बहीण. पानं गव्हाच्या दाण्याएवढी, जाडसर, खोड लालसर, आणि प्रत्येक पेऱ्याशी पांढऱ्या केसांचा झुबका. जिथं पेरं टेकलं तिथं मूळ. फूल पिवळं, चार पाकळ्यांचं, शर्टाच्या गुंडीहून लहान. ढगाळ दिवशी उघडतच नाही. ऊन चढलं की दहा-साडेदहाला एकदम सगळी उघडतात आणि दुपारनंतर मिटून जातात. एकेक फूल काही नाही, पण दहा फुटांचा पट्टा एकदम उघडला की कुणीतरी हळदीचं ताट सांडल्यासारखं दिसतं. घोळीच्या कुळाची एक खुबी आहे: पाणी असताना ती एका तऱ्हेनं अन्न करते, पाणी तुटलं की दिवसा दारं बंद करून रात्री हवा घ्यायला लागते. म्हणून विटांच्या चुऱ्यावरही तग धरते. बी नको, काड्या टाका.

दुसरी विष्णुक्रांता. जमिनीला चिकटून, केसाळ पानं, आणि निळं फूल. निळा कसला, तर शाळेच्या गणवेशाला द्यायच्या निळीचा. सकाळी बघायची, बारा वाजले की संपली. खाली मूळ चिवट. वरचं वाळलं तरी पुढच्या मृगाला त्याच जागी फुटते. कुठंही विकत मिळणार नाही, बी गोळा करावं लागेल.

पुनर्नवा, आपल्याकडं घेटुळी म्हणतात. नावातच सगळं आलं. फूल खसखशीएवढं गुलाबी, लांबून दिसतही नाही, पण माती धरून ठेवायला हिच्यासारखी कुणी नाही. मूळ जाड, तीन इंचांत आडवं पसरतं. भुईगुळी तशीच, जमिनीवर चपटी, लाल टिंबांसारखी फुलं.

उंचीला कुर्डू. हा आपला राजा. शेतात कमरेएवढा होतो, पण पातळ थरात वीत-दीड वीत, आणि गच्चीला तेच हवंय, कारण उंच झाड वाऱ्यानं उपटतं. गुलाबी तुरे खालून पांढरे होत जातात. पिवळी तिळवण: चिकट, वासाची, पण पिवळी धमक. उन्हाळी, म्हणजे शरपुंखा: जांभळी, वाटाण्याच्या घाटाची फुलं, जनावर फारसं तोंड लावत नाही. तरोटा चालेल, पण मोजका, नाहीतर गच्ची त्याच्या नावावर होईल. सावलीच्या कडेला केना, निळ्यासाठी. तुमच्या जवळ डोंगरउतार असेल तर आभाळी बघा, तिचे कंद दगडाच्या फटीत उन्हाळा काढतात.

नको ती: सराटा (फूल गोड, पण त्या गच्चीवर अनवाणी कोण चालणार?), तरवड (दसऱ्याला कितीही लागली तरी झुडूप आहे, मुळं राक्षसी), हरळी, घाणेरी, पिवळा धोतरा. आणि कावळ्यांनी पेरलेले पिंपळ-वड दिसतील तेव्हा उपटा. बोटभर असतानाच. हातभर झाल्यावर कोब्यासकट येतात.

चकवा | २१ मे

हळदीचं ताट, निळीचं पाणी. सर, तुमच्या वर्गात असतो तर बॉटनीत नापास झालो नसतो.

गुलबक्षी | २२ मे

एवढा खटाटोप कशाला? ऑफिस टाइम लावा, सदाफुली लावा. बारा महिने फुलं, काड्या कुठंही मिळतात. परदेशी असली म्हणून काय झालं, सदाफुली मादागास्करची हे तिला तरी कुठं आठवतंय.

बालाघाट | २२ मे

दोन्ही टिकतील, खोटं कशाला बोलू. सदाफुलीला तर मीच कठड्याशी जागा देईन. आणि एकदांडी अमेरिकेतून आलेली, ती तुम्ही न लावता येईल, तिच्यावर फुलपाखरं बसतील, असू द्या. पण घोळीवर डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. त्याचा नर काळा, पंखांवर मोठे पांढरे ठिपके. ते घडताना बघायचं तर घोळ-चिघळीनं सुरुवात करा.

उदगीर_ते_झुरिक | २३ मे

मी सध्या झुरिकजवळ आहे. इथं वोलिसहोफेनला १९१४ साली बांधलेलं पाणी शुद्ध करायचं केंद्र आहे. आतलं पाणी गार राहावं म्हणून त्या काळी छतावर आसपासच्या शिवारातलीच माती टाकली. त्या मातीत जे बी होतं ते उगवलं. आजूबाजूची कुरणं पुढं शहरात गेली, पण छतावर १७५ च्या आसपास प्रजाती राहिल्या, त्यात नऊ ऑर्किड. बियांच्या पुड्या कुणी आणल्या नव्हत्या. बाझल शहरात २००२ पासून नव्या सपाट छतांवर झाडं लावणं कायद्यानंच बंधनकारक आहे, आणि तिथंही जवळच्या मातीवर आणि स्थानिक बियांवर भर असतो.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आजीचं माळवदच आठवलं होतं. आजोबांचा प्रतिसाद वाचून आज पुन्हा.

जाता_येता | २३ मे

आमचे पत्रे आहेत. पत्र्यावर जमेल का?

स्लॅबवाला | २३ मे

नाही.

मुक्काम_लातूर | २६ मे

भरताड वर गेलं. मी, बायको, मेव्हणा आणि दोन गडी, तीन दिवस. बियांचं काय? आता मे महिन्यात माळावर फक्त धूळ आहे.

बालाघाट | २६ मे

बी गोळा करायचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर, तो हुकला. तरी वाळलेल्या कुर्डूचे तुरे बांधावर अजून उभे असतील. कागदावर झटका, काळं चकचकीत बी मोहरीहून बारीक पडेल. तरोट्याच्या शेंगा बाभळीखाली सापडतील. एक युक्ती: माळावरच्या एखाद्या खोलगट जागेतली वरची बोटभर धूळ एक पाटीभर आणा, गाजरगवत नसलेल्या जागेची. झुरिकला झालं तेच इथं होईल. खासगी माळ असेल तर मालकाला विचारून, गायरानातून चिमूटभर. गौताळा, नायगाव अशा अभयारण्यांतून काहीही उचलायचं नाही, काडीसुद्धा.

तरोट्याचं बी वाळूत चोळून घ्या, साल टणक असते. पण निम्मंच चोळा. रानाचं बी शहाणं असतं, सगळं एका पावसात उगवत नाही. जूनमध्ये पाऊस झाला, पुढे तीन आठवडे ताण पडला, की सोयाबीनवाला दुबार पेरणी करतो. माळाची दुबार पेरणी मातीत आधीच पडलेली असते.

पेरणी म्हणाल तर धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्यातच. बी राखेत आणि वाळूत मिसळून फेका, हलका दंताळ, झालं. मुंग्या थोडं नेतील, राखेनं कमी नेतील. चिघळीच्या काड्या मात्र पहिल्या पावसानंतर.

विंचवाचं_बिऱ्हाड | २७ मे

साप येतील का वर?

औसेकर_आजोबा | २७ मे

तुमच्या आयडीला शोभतो प्रश्न. दुसऱ्या मजल्यावर साप यायचा तर जिन्यानं येईल, दार लावा.

मुक्काम_लातूर | २९ जून

अपडेट. आठ जूनला पेरलं, चौदाला पाऊस, अठराला हिरवी लव. मग दहा दिवस कोरडे. लव पिवळी पडून निम्मी गेली. सकाळी वर जाऊन नुसता बघत बसतो. हात शिवशिवतात पाईप धरायला. आरओचं वाया जाणारं पाणी घालू का? ते तरी फुकट जातंय.

परभणीची_लेक | २९ जून

आरओचं नका घालू! त्यात क्षार गोळा झालेले असतात, तीन इंचांच्या थरात ते साचून राहतील. घालायचंच तर एसीच्या नळीचं घाला. पण खरं सांगू, काहीच घालू नका. आमचं पहिलं साल असंच गेलं.

मुक्काम_लातूर | ३ ऑगस्ट

ताई, ऐकलं तुमचं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जो पाऊस झाला त्यानंतर पुन्हा उगवलं, आणि या वेळी जे आलं ते मी पेरलेलं नव्हतंच, त्या पाटीभर धुळीतलं होतं. गाजरगवताची चौदा रोपं हातमोजे घालून उपटली, एकालाही फूल येऊ दिलं नाही. एक पिंपळ.

मुक्काम_लातूर | २१ सप्टेंबर

मंडळी, फोटो चढवता येत नाहीत म्हणून लिहूनच सांगतो.

कुर्डू वीतभर आहे, पश्चिमेच्या कडेला सगळा तोच. संध्याकाळी तुरे मागून उजळतात. तिळवण आठ-दहा झाडं, शेंगा हाताला चिकटतात. उन्हाळी दोनच आली, फूल नाही. आणि परवा, सुट्टीच्या दिवशी अकरा वाजता वर गेलो तर टाकीच्या बाजूला एक निळं फूल. एकच. मी गुडघ्यावर बसलो, चष्मा काढला. पाकळ्या जोडलेल्या, छत्रीसारख्या, मध्ये पांढरा ठिपका. पोराला बोलवायला खाली गेलो, तो आंघोळ करून येईपर्यंत बारा वाजले, मिटलं होतं. विष्णुक्रांता मी पेरलीच नव्हती, बी मिळालंच नव्हतं.

वरच्या खोलीचा फरक उन्हाळ्यातच कळेल, आत्ताच बढाई मारत नाही. गळती नाही, हे मात्र लिहून ठेवतो. आजोबा, कठड्याच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं लिहिलंय: 'थर ३ इंच, मे महिन्यात टाकला, वाढवू नये.'

औसेकर_आजोबा | २२ सप्टेंबर

बरं केलं. साल पण टाका.

पाण्याचं_काय | २२ सप्टेंबर

मे महिन्यात चिडून लिहिलं होतं. पाणी खरंच घातलं नाही का?

मुक्काम_लातूर | २२ सप्टेंबर

जुलैत एकदा, दोन बादल्या, रात्री, कुणी बघत नसताना. तेवढंच.

स्लॅबवाला | १० ऑक्टोबर

एक आठवण: दिवाळीच्या आत वाळलेलं गवत आणि काड्या कापून खाली न्या. शेजारच्या पोरांचा एक रॉकेट पुरे होईल. बी झडू द्या, मगच कापा, हे बालाघाट सांगतीलच.

बालाघाट | १० ऑक्टोबर

कुर्डू उभा ठेवा आणखी पंधरा दिवस. रॉकेटच्या बाजूचा कापा. धागाकर्ते, चिघळीचं काय झालं? तिचा उल्लेखच नाही कुठं. तीच सगळ्यात आधी यायला हवी होती.

मुक्काम_लातूर | ११ ऑक्टोबर

सर, आली होती. काड्या टाकल्या, पंधरा दिवसांत दीड फुटाचा पट्टा झाला, कळ्या धरल्या. गुरुवारी ऑफिसातून आलो तर पट्टा गायब. जेवायला बसलो, ताटात मुगाची डाळ घालून केलेली चिघळीची भाजी, वर लसणाची फोडणी. आई म्हणाली, 'वर इतकी कोवळी भाजी आली होती, कुणी सांगितलं पण नाही मला.' त्यानंतर दर आठ दिवसांनी तेच. फूल मी अजून पाहिलेलं नाही.

परभणीची_लेक | ११ ऑक्टोबर

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या विचारतायत, डाळ आधी भिजवून घेता का?

मुक्काम_लातूर | ११ ऑक्टोबर

अर्धा तास. आणि आई म्हणते, भाजी फार चिरायची नाही, देठासकट टाकायची.